स्वस्तातला एसडीआर डोंगल : विविधभारती लागते, पण खरखर आणि फाटका आवाज जात नाही

नळस्टॉप | शनिवार, रात्री ११:०५

नमस्कार मंडळी,

गणपतीचं डेकोरेशन माळ्यावर टाकताना बाबांचा ट्रान्झिस्टर पडला आणि कायमचा गप्प झाला. सरळ दुकानातून नवा आणायचा, तर मला अक्कल सुचली. आरटीएल२८३२यू चिप आणि आर८२०टी२ ट्यूनरवाला यूएसबी डोंगल मागवला, म्हणजेच एसडीआर : रेडिओचं बरंचसं काम लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर करतं. रात्री दहाचं छायागीत आपोआप रेकॉर्ड व्हावं आणि साडेनऊला झोपणाऱ्या बाबांना ते सकाळच्या चहाबरोबर ऐकता यावं, एवढीच कल्पना होती.

सध्याची मांडामांड अशी : कोथरूड, तिसरा मजला. डोंगल थेट लॅपटॉपला खोचलेला. सोबत आलेली वीतभर अँटेना खिडकीच्या ग्रिलला चिकटवलेली. सॉफ्टवेअर एसडीआर प्लस प्लस. १०१.० मेगाहर्ट्झला वॉटरफॉलवर (सिग्नल दाखवणाऱ्या सरकत्या चित्रावर) मस्त जाड पट्टा दिसतो. ऐकायला घेतलं की मात्र मागे सतत सूं चालू असतं, 'स' आणि 'श' फाटतात, आणि सगळा आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. शिवाय ९९ च्या आसपास, जिथे काहीच नसायला हवं, तिथे दुसऱ्याच स्टेशनची जाहिरात ऐकू येते.

गेन (आलेला सिग्नल मोठा करायची पट्टी) पूर्ण ठेवलाय, कारण व्हिडिओत तसंच सांगितलं होतं. बाबांनी पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "याच्यापेक्षा तो पडलेला बरा होता." मार्ग सुचवा.

कटिंगचहा | शनिवार, रात्री ११:२०

आकाशवाणीचं अ‍ॅप टाका फोनवर. धागा संपला. :)

नळस्टॉप | शनिवार, रात्री ११:३१

@कटिंगचहा, अ‍ॅप आहे हो. पण गच्चीवरून हवेतून येणारी गोष्ट आधी मुंबई-दिल्लीला फिरवून मग वायफायवरून घ्यायची, हे मनाला पटत नाही. आणि आता हरायचं नाही असं ठरवलंय.

बिनतारी | रविवार, सकाळी ७:१०

हॅमचं, म्हणजे हौशी बिनतारी रेडिओचं, लायसन्स घेऊन तीस वर्षं झाली. वयाने तुझ्या बाबांच्या जवळचा आहे, म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

पुढचं वाचायच्या आधी गेन शून्यावर आण.

तुझ्या डोंगलमधला कन्व्हर्टर, म्हणजे सिग्नलचे आकडे करणारा भाग, ८ बिटांचा आहे. बारीकातला बारीक आणि मोठ्यातला मोठा सिग्नल मिळून त्याच्याकडे फक्त २५६ पायऱ्या, म्हणजे ढोबळमानाने ५० डेसिबल. तू ऐकतोस १०१, पण ट्यूनरच्या तोंडात ९१.१, ९३.५, ९४.३, ९५ आणि ९८.३ ही सगळी मंडळी एकदम शिरतात. गेन पूर्ण ठेवला की ती आत एकमेकांत मिसळतात आणि नसलेल्या जागी भुतं दिसायला लागतात. ९९ वरची जाहिरात हे त्यातलंच भूत. लक्ष्मी रस्त्यावर ढोल-ताशा पथकाला खेटून उभं राहायचं आणि शेजारच्याची कुजबुज का ऐकू येत नाही म्हणून विचारायचं, असं चाललंय तुझं.

आता करायचं असं. ऑटोमॅटिक गेनच्या दोन्ही खुणा काढून टाक, चिपची पण आणि ट्यूनरची पण. या ट्यूनरला ० ते ४९.६ डेसिबलमध्ये २९ पायऱ्या आहेत. शून्यापासून एकेक चढत जा आणि दर पायरीला वॉटरफॉलच्या वरच्या आलेखात दोन गोष्टी बघ : स्टेशनचा डोंगर किती उंच झाला आणि पायथ्याचं गवत, म्हणजे खरखर, किती वाढलं. डोंगर वाढतोय, गवत जागेवर आहे, तोवर चढ. दोन्ही सारखंच वाढायला लागलं की थांब आणि एक पायरी खाली ये. गवताने एकदम उडी मारली तर ट्यूनर गुदमरला असं समज आणि दोन-तीन पायऱ्या उतर.

डोंगर उंच दिसतो म्हणून आवाज चांगला येत नाही. डोंगर आणि गवत यांच्यातलं अंतर मोठं असलं तर येतो.

शंकेखोर | रविवार, सकाळी ९:४०

एफएम बँडस्टॉप फिल्टर का लावत नाही? एसडीआरचे सगळे जाणकार आधी तोच घ्यायला सांगतात. छोटी डबी असते, अँटेना आणि डोंगलच्या मध्ये बसते.

सोल्डर_सखी | रविवार, सकाळी १०:१५

@शंकेखोर, तो फिल्टर ८८ ते १०८ अडवायलाच असतो. विमानांचा बँड किंवा १४५ मेगाहर्ट्झवरचे हॅम ऐकताना एफएमवाल्यांचा गोंगाट बाहेर ठेवायला उत्तम. विविधभारती ऐकायला तो लावला तर घरात धूळ येते म्हणून दाराला बाहेरून कुलूप घातल्यासारखं होईल.

शंकेखोर | रविवार, सकाळी १०:२२

गप्प बसतो. पुढच्या बाकावर जागा द्या, शिकायला बसलोय.

नळस्टॉप | रविवार, दुपारी १:०५

काका, दंडवत. १९.७ वर थांबलो. भुतं गेली, ९९ वर आता नुसती शांतता आहे. म्हणजे दोन दिवस मी जी 'पॉवर' वाढवत होतो, तीच बोंब होती.

'स' 'श' अजून फाटतात. सूं कमी झालंय, गेलेलं नाही. गोधडी तशीच.

सोल्डर_सखी | रविवार, दुपारी २:३०

तुमची फिल्टरची रुंदी किती आहे? वॉटरफॉलवर स्टेशनभोवती जी फिकट पट्टी दिसते ती.

नळस्टॉप | रविवार, दुपारी २:३८

९० किलोहर्ट्झ. वाटलं, पट्टी अरुंद केली तर खरखर कमी शिरेल.

सोल्डर_सखी | रविवार, दुपारी ३:२०

सापडला चोर. ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो, मीही केली आहे. एएम (मिडियमवेव्हची पद्धत) आणि एसएसबीला (एएमची एकच बाजू वापरायची पद्धत) ती युक्ती चालते, म्हणून इथेही चालेल असं वाटतं.

एफएममध्ये आवाज फ्रिक्वेन्सीच्या हलण्यात असतो. ब्रॉडकास्ट स्टेशन मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपर्यंत झोके घेतं. झोका जितका मोठा तितका आवाज मोठा. तुम्ही ९० ची पट्टी लावलीत, म्हणजे एकेका बाजूला ४५ च. निवेदकाने साधं वाक्य बोललं तर ते पट्टीत मावतं. 'शुभरात्री' म्हटलं किंवा गायिकेने वरचा सूर लावला की झोका पट्टीच्या बाहेर जातो आणि तिथे कापला जातो. तुमच्या कानाला तेच फाटणं वाटतं.

नुसत्या मोनोला साधारण १८० किलोहर्ट्झ लागतात. स्टिरिओसकट सगळं हवं तर हिशोबाने २५० पर्यंत जातं, व्यवहारात २०० ला काम भागतं. शेजारी २०० किलोहर्ट्झवर दुसरं दणकट स्टेशन असेल तरच थोडं आवळायचं. पुण्यात १०१ च्या लगत तसं कोणी नाही, तेव्हा पट्टी खुशाल सोडा.

सूंबद्दल : स्टिरिओची खूण काढा. डाव्या-उजव्या आवाजातला फरक स्टेशन ३८ किलोहर्ट्झच्या आसपास गुंडाळून पाठवतं आणि १९ ला एक पायलट टोन ठेवतं. एफएममधून निघणारी खरखर वरच्या फ्रिक्वेन्सीला वाढत जाते, त्यामुळे तो फरक सोडवून घेताना खरखरही ओंजळभर उचलली जाते. कमजोर सिग्नलवर स्टिरिओला मोनोपेक्षा २० डेसिबलहून जास्त दंड बसतो. एकाच स्पीकरवर ऐकणाऱ्या बाबांना स्टिरिओ कशाला?

न्यूजर्सीकर | रविवार, संध्याकाळी ७:५०

इकडे सकाळ. गोधडीचं उत्तर माझ्याकडे असावं.

एफएम स्टेशन पाठवताना तारसप्तक मुद्दाम उचलून पाठवतं आणि घेणाऱ्याने तेवढंच परत दाबायचं असतं. त्याला डी-एम्फसिस म्हणतात. किती दाबायचं हे देशागणिक वेगळं : अमेरिकेत ७५ मायक्रोसेकंद, भारतात आणि युरोपात ५०. बरेचसे व्हिडिओ अमेरिकेतले, त्यात ७५ ठेवा म्हणतात. भारतात ७५ ठेवलं की वरचे सूर साडेतीन डेसिबलपर्यंत जास्तीचे दाबले जातात. आकडा लहान दिसतो, पण झांजा मऊ पडतात आणि माणूस नाकात रुमाल धरून बोलल्यासारखा वाटतो.

एसडीआर प्लस प्लसमध्ये वाइड एफएमखाली यादी आहे, तिथे ५० निवडा. मी सुट्टीत नाशिकला आलो की मला उलटं आठवावं लागतं.

नळस्टॉप | रविवार, रात्री ८:४५

७५ च होतं! पट्टी २००, मोनो, डी-एम्फसिस ५०. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "नवीन रेडिओ आणलास का?"

पण आता पुढचं रडगाणं. रात्रीचं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर करत नाही, एका जुन्या रास्पबेरी पायवर (तळहाताएवढा कॉम्प्युटर) आरटीएल-एफएम हा छोटा प्रोग्राम दहा वाजता सुरू होतो. त्या रेकॉर्डिंगमध्ये गोधडी अजून आहे. आणि मध्येमध्ये तुटतं, सीडीवर ओरखडा असल्यासारखं.

न्यूजर्सीकर | रविवार, रात्री ९:३०

गोधडी अपेक्षित आहे. आरटीएल-एफएममधलं डी-एम्फसिस ७५ मायक्रोसेकंद धरूनच लिहिलेलं आहे, बाहेरून बदलायला बटण नाही. दोन उपाय. सोर्स कोडमध्ये त्या एका ओळीत ७५ चे ५० करून पुन्हा कंपाइल करा. नाहीतर रेकॉर्डिंग झाल्यावर ऑडिओ एडिटरमध्ये वरचे सूर थोडे उचला. पहिला उपाय दहा मिनिटांचा आहे आणि एकदाच करायचा आहे.

त्याचा वाइड एफएम मोड मोनोच देतो, सेकंदाला १७० हजार नमुने (सिग्नलची मोजमापं) घेऊन ३२ हजारांवर आवाज काढतो. म्हणजे आवाजाची वरची मर्यादा १६ किलोहर्ट्झ. एफएम स्टेशन १५ च्या वर काही पाठवतच नाही, तेव्हा तिथे नुकसान नाही.

सोल्डर_सखी | रविवार, रात्री १०:०५

ओरखड्यांचं मूळ रेडिओत शोधू नका. पायला कोणता चार्जर लावलाय?

नळस्टॉप | रविवार, रात्री १०:११

जुन्या मोबाइलचा. :(

सोल्डर_सखी | रविवार, रात्री १०:४०

तो काढा आणि पायचा स्वतःचा अ‍ॅडॉप्टर लावा. डोंगल तीनशे मिलिअँपिअरच्या आसपास खातो, वर पायची स्वतःची भूक. व्होल्टेज बसलं की यूएसबीवरचे नमुने गळतात. गळलेला नमुना म्हणजे आवाजातली टक्.

दुसरं, डोंगल कधी नेटवर्कवरून लॅपटॉपला जोडून ऐकलात तर हिशोब लक्षात ठेवा : सेकंदाला २४ लाख नमुने, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे ४८ लाख बाइट. ३८ मेगाबिटच्या वर अखंड धार. दोन भिंतींआडच्या वायफायला ती झेपत नाही. सॅम्पल रेट १०.२४ लाखांवर आणा किंवा सरळ लॅनची केबल ओढा.

बिनतारी | सोमवार, सकाळी ६:५०

सखीताईंशी एका बाबतीत वाद घालतो. सॅम्पल रेट उगाच खाली आणू नये. २४ लाखांनी नमुने घेऊन त्यातून १० किलोहर्ट्झची बारीक पट्टी गाळून काढली, तर गाळण्यातच खरखरीविरुद्ध २४ डेसिबलच्या आसपास फायदा मिळतो. आठ बिटांच्या गरिबाला ती फुकटची श्रीमंती आहे.

सोल्डर_सखी | सोमवार, सकाळी ९:१५

काका, मान्य, पण १० किलोहर्ट्झच्या पट्टीला. इथे पट्टी २०० ची आणि स्टेशन गावातलं. फायदा उरतो दहा-अकरा डेसिबलचा, आणि तोही कन्व्हर्टरची खरखर आड येत असेल तर. यांच्याकडे ती येत नाही. वायफायवर धार तुटली तर ते मात्र कानाला स्पष्ट ऐकू येईल.

बिनतारी | सोमवार, सकाळी ९:४०

बरोबर. हार मान्य. शॉर्टवेव्हला मात्र माझं ऐका.

आता अँटेना. ती वीतभर काडी ग्रिलवरून काढ. लोखंडी ग्रिलच्या आत अँटेना म्हणजे पिंजऱ्यातला पोपट. १०१ साठी डायपोल कर : तांब्याच्या तारेचे दोन तुकडे, प्रत्येकी ७० सेंटिमीटर. साधा हिशोब असा, १४२.५ ला मेगाहर्ट्झने भागायचं, मीटरमध्ये पूर्ण लांबी येते, तिचे दोन भाग करायचे. पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर दोन्ही बांध, मधून केबल काढ, आणि बाल्कनीच्या बाहेर कपड्यांच्या दांडीला लटकव. आधी आडवी ठेवून ऐक, मग उभी करून ऐक. जिथे गवत खाली आणि डोंगर वर, तिथे घट्ट कर.

केबल म्हणून केबलवाल्याकडची आरजी-६ माग. ती ७५ ओमची, डोंगल ५० ओमचा, या विजोड लग्नाचं नुकसान ०.२ डेसिबलसुद्धा नाही. सोबत आलेल्या त्या बारीक काळ्या वायरचे दहा मीटर ओढलेस तर त्याहून कितीतरी जास्त तिथेच सांडतं.

आणि डोंगल लॅपटॉपला थेट खोचू नकोस. हात-दीड हाताची यूएसबी एक्स्टेंशन लाव. लॅपटॉप स्वतःच एक छोटं, बेशिस्त ट्रान्समिटर असतं.

कटिंगचहा | सोमवार, दुपारी १२:०५

इथे अ‍ॅप सुचवणारा मीच तो. आता डोंगल कार्टमध्ये टाकलाय. एक बाळबोध प्रश्न : हा मुळात टीव्हीचा डोंगल ना? मग टीव्ही का लागत नाही?

सोल्डर_सखी | सोमवार, दुपारी १२:४०

मुळात युरोपातला डीव्हीबी-टी टीव्ही बघायला बनला. २०१२ च्या सुमारास हौशी लोकांनी शोधून काढलं की ही चिप कच्चे नमुने तसेच्या तसे बाहेर देऊ शकते, आणि टीव्हीचा डोंगल रेडिओ झाला. दूरदर्शनची जमिनीवरची डिजिटल सेवा डीव्हीबी-टी२ आहे, ती याला कळत नाही. म्हणजे टीव्ही म्हणून आपल्याकडे हा निरुपयोगी, आणि रेडिओ म्हणून २४ पासून १७०० मेगाहर्ट्झपर्यंत कान लावून बसलेला.

भाट्येकर | मंगळवार, रात्री ९:५५

रत्नागिरीहून. धागा वाचून माझाही डायपोल झाला, माडाला बांधलाय. आभार.

पण आमचा खरा जीव मिडियमवेव्हवर. इथलं केंद्र ११४३ किलोहर्ट्झवर. डोंगल व्ही३ (मिडियमवेव्हही घेणारी आवृत्ती) आहे, डायरेक्ट सॅम्पलिंग चालू केलं, क्यू ब्रँच (कन्व्हर्टरच्या दोन वाटांपैकी एक) निवडली. लागतंय, पण मागे गिरणीसारखी घरघर. तुमच्या पुण्याचं ७९२ रात्री येतं, तेही घरघरीत बुडालेलं. गेन कमी-जास्त करून काहीच फरक पडत नाही.

बिनतारी | मंगळवार, रात्री १०:३०

फरक पडणारच नाही. डायरेक्ट सॅम्पलिंगमध्ये सिग्नल ट्यूनरला वळसा घालून थेट कन्व्हर्टरला जातो, आणि तो गेन ट्यूनरचा. तिथे जे काही करायचं ते अँटेनापाशी. आणखी एक : कन्व्हर्टरचं घड्याळ २८.८ मेगाहर्ट्झचं, त्यामुळे १४.४ ला आरसा असतो. पलीकडचं अलीकडे दिसतं. अनोळखी पाहुणा दिसला तर तो आरशातला असू शकतो.

घरघर मात्र घरातली आहे. घरातलाच कोणीतरी बोंबलतोय.

नळस्टॉप | गुरुवार, दुपारी ४:२०

भाट्येकर, तुमचं वाचून मीही ७९२ लावलं. तीच घरघर. आणि आज गंमत झाली.

आज गुरुवार, आमच्या भागात दुरुस्तीसाठी दहा ते तीन वीज नव्हती. लॅपटॉप बॅटरीवर, डोंगल चालू, बाल्कनीतून दहा मीटर वायर सोडलेली. दहा वाजून दोन मिनिटांनी पंखा थांबला आणि वॉटरफॉल काळाशार झाला. अक्षरशः कोणीतरी पडदा ओढावा तसा. ७९२ इतकं स्वच्छ, की निवेदिकेने कागद उलटलेला ऐकू आला. ५५८ ला मुंबई, १०४४ ला मुंबई, आणि १२५१ ला बहुतेक सांगली, दिवसाढवळ्या. बाबा खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले. आम्ही दोघं पाच तास बिनपंख्याचे घाम पुसत रेडिओ ऐकत होतो.

तीनला वीज आली आणि घरघर परत. मग मेन स्विचपाशी गेलो. लॅपटॉप बॅटरीवरच ठेवला, एकेक एमसीबी खाली पाडत गेलो आणि बाबा बाल्कनीतून ओरडून सांगत होते, "आहे... आहे... आहे... गेली!" हॉलची लाइन. मग हॉलमधला एकेक प्लग. पहिला गुन्हेगार पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, पूर्ण वेगावर गप्प, दोन-तीनवर घरघर. दुसरा आणि मोठा गुन्हेगार देवघरातल्या एलईडी दिव्याचा अ‍ॅडॉप्टर.

आता तो बंद करा म्हणून आईला कोण सांगणार?

कटिंगचहा | गुरुवार, दुपारी ४:३१

धाग्याचा नायक बाबा. खलनायक देवघर. पॉपकॉर्न आणतो.

सोल्डर_सखी | गुरुवार, संध्याकाळी ५:४५

रेग्युलेटरची घरघर सेकंदाला शंभर ठोक्यांची असते, विजेच्या ५० हर्ट्झच्या दुप्पट. आतला ट्रायॅक दर अर्ध्या लाटेला मध्येच कापतो. जुना डब्यासारखा रेझिस्टन्सवाला रेग्युलेटर रेडिओच्या दृष्टीने संत माणूस होता.

अ‍ॅडॉप्टरला फेराइट रिंग (वायरवरची घरघर अडवणारं काळं कडं) लावून बघा. क्लिप लावून एकदाच वायर आत घातली तर मिडियमवेव्हला जवळजवळ काही होत नाही. मोठी रिंग घ्या, मिश्रण ३१ मिळालं तर उत्तम, आणि वायरचे सात-आठ वेढे घाला. डोंगलच्या यूएसबी वायरलाही तेच. उरलेलं शेजाऱ्यांकडून येतं, त्यावर उपाय अँटेना हलवणं हाच.

भाट्येकर, लूप करा. मीटरभर व्यासाचं तारेचं कडं, मध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर. कड्याच्या पातळीत जे आहे ते जास्त ऐकू येतं, काटकोनात जे आहे ते नाहीसं होतं. फिरवत फिरवत घरघर त्या आंधळ्या बाजूला आणायची. स्टेशन थोडं कमी झालं तरी चालतं.

बिनतारी | गुरुवार, रात्री ८:१५

मिडियमवेव्ह ऐकताना आणखी एक जुनी युक्ती. आपल्याकडे स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतरावर असतात. रात्री शेजारचं घुसलं की शिट्टी ऐकू येते. तेव्हा एएम सोडून एसएसबीवर जा, बरोबर वाहक लहरीवर (स्टेशनच्या मधल्या रेषेवर) उभा राहा, आणि ज्या बाजूला गोंगाट कमी ती बाजू निवड. शेजारी वरून त्रास देत असेल तर एलएसबी (खालची बाजू), खालून देत असेल तर यूएसबी (वरची बाजू, केबलचं यूएसबी नव्हे). एएममध्ये दोन्ही बाजूंना तोच मजकूर असतो, एक टाकली तरी काही हरवत नाही. शिवाय रात्री वाहक लहर बुडते तेव्हा एएमचा आवाज चिरफळतो, तोही त्रास जातो. फक्त काही हर्ट्झ चुकलास तर गाणं बेसूर होतं, बोलणं चालून जातं.

नवखा_१४५ | शुक्रवार, सकाळी ११:००

मध्येच घुसतो. १४५ वरचा आमच्याकडचा हॅम रिपीटर (आलेला आवाज पुन्हा दूर पाठवणारं यंत्र) ऐकतो, नॅरो एफएम. दोन तक्रारी. बोलणं किरटं येतं, आणि खाली सतत हूं असा सूर आहे. डोंगल सुरू केल्यावर पंधरा मिनिटं स्टेशन सरकत पण राहतं.

बिनतारी | शुक्रवार, सकाळी ११:५०

सरकणं क्रिस्टलचं. साध्या डोंगलमध्ये ५० पीपीएमचीही (दहा लाखांत ५०) चूक सापडते, १४५ ला ती सात किलोहर्ट्झच्या वर जाते. वीस मिनिटं गरम होऊ दे, मग पीपीएमचा आकडा ओळखीच्या स्टेशनवर जुळव. टीसीएक्सओवाला (तापमानाने न सरकणाऱ्या क्रिस्टलचा) डोंगल असेल तर ही कटकट जवळजवळ नाही.

किरटं येतं कारण पट्टी अरुंद असेल. ५ किलोहर्ट्झचा झोका आणि ३ चा आवाज, दुप्पट केलं की १६. तेवढी ठेव. हूं म्हणजे रिपीटर उघडायचा सबटोन, ६७ ते २५४ हर्ट्झच्या मधला कुठलातरी. हाय-पास फिल्टरची खूण कर, जाईल.

हॅम आणि ब्रॉडकास्ट ऐकत राहा. पोलिसांच्या वगैरे फ्रिक्वेन्सीच्या नादी लागू नकोस, आणि लायसन्स हातात आल्याशिवाय पीटीटीला (बोलायच्या बटणाला) हात लावायचा नाही.

न्यूजर्सीकर | शुक्रवार, संध्याकाळी ७:२०

अवांतर : विंडोजवाल्यांनी साउंड सेटिंगमधली 'एन्हान्समेंट' बंद केली आहे का? मी आठवडाभर एसडीआरला शिव्या घातल्या आणि आवाजाला बाथरूमचा घुमारा देत होतं ते विंडोजच. आणि सॉफ्टवेअरचा व्हॉल्यूम शंभरवर ठेवून स्पीकर कमी करू नका. सत्तरवर ठेवा, बाकी स्पीकरवर.

नळस्टॉप | रविवार, सकाळी ८:३०

हिशोब मांडतो, म्हणजे पुढच्याला सोपं. डायपोल बाल्कनीबाहेर, उभा ठेवलेला चांगला लागला. गेन आता १२.५ च पुरतो, अँटेना सुधारल्यावर पुन्हा खाली आणावा लागला, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर एक संध्याकाळ वाचली असती. पायला नवा अ‍ॅडॉप्टर, ओरखडे गेले. आरटीएल-एफएममध्ये ७५ चे ५० केले, कंपाइल पहिल्या फटक्यात झालं नाही, दुसऱ्यात झालं. एक लायब्ररी राहिली होती. डोंगल सोडून बाकी खर्च चारशेच्या आत, त्यात केबलवाल्याने आरजी-६ चे पैसे घेतलेच नाहीत.

देवघराचं असं झालं. फेराइटने निम्मी घरघर गेली, पूर्ण नाही. शेवटी मी काही बोललो नाही, बाबाच बोलले. काय बोलले ते मला माहीत नाही. काल रात्री दहाला पाच मिनिटं असताना आईने एलईडीचं बटण बंद केलं, समईत वात लावली आणि मला म्हणाली, "अकराला तेल संपेल. तेवढ्यात उरकतंय ना तुमचं?"

बाबा साडेनऊला झोपले नव्हते.

बिनतारी | रविवार, सकाळी ९:०५

मग रेकॉर्डिंग कशाला करतोस आता?

नळस्टॉप | रविवार, सकाळी ९:१२

काका, ते सकाळी परत ऐकतात. आणि माझ्या चुका काढतात. कालच्या रेकॉर्डिंगच्या सुरुवातीचे चार सेकंद कापले गेलेत म्हणे. क्रॉन (ठरल्या वेळी प्रोग्राम सुरू करणारी सोय) एक मिनिट आधी लावतो.